स्वयंभू अक्षरे

कोराडीची जगदंबा स्वयंभू आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. मूर्ती कुणी घडवली हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी प्रौढा अशी देवीची तीन रूपे दिसतात, असे सांगणारा माणूस शिल्पकाराचे नाव शोधत बसत नाही, आणि श्रद्धेपुरते ते ठीकच आहे. पण जवळच्याच खापरखेड्यात, जिथून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात अशा एखाद्या व्हिडिओ स्टुडिओत, नवरात्राच्या तोंडावर त्याच देवीचा व्हिडिओ एडिट होत असतो तेव्हा आणखी एक स्वयंभूपण घडत असते, आणि ते सर्वस्वी माणसाच्या हातचे असते. टाइमलाइनवर फुटेजच्या वरच्या ट्रॅकमध्ये टेक्स्टची लेयर टाकली जाते. मजकूर बहुधा व्हॉट्सॲपवरून आलेला, तोच उचलून पेस्ट केलेला. अक्षरांना सोनेरी ग्रेडियंट, बाहेरून काळी कड, खाली थोडी सावली. मग ओपॅसिटीची एक कीफ्रेम शून्यावर आणि पंचवीस फ्रेम पुढे दुसरी शंभरावर. शेवटी अक्षरांवरून उजेडाची एक तिरीप डावीकडून उजवीकडे फिरवली की काम झाले. रेंडर होऊन आलेल्या व्हिडिओत अंधारातून एका सेकंदात ओळ उमटते. तिला हात नसतो, आवाज नसतो, चेहरा नसतो. खाली आडवी रेघ आणि नाव: संत तुकाराम. किंवा तथागत बुद्ध. किंवा पाटणसावंगीजवळच्या वाकीत ज्यांचा दर्गा आहे ते ताजुद्दीन बाबा. या टापूत हे सगळे एकाच टेबलावर येतात, कारण वीज केंद्राने आणि कोळशाच्या खाणींनी इथे नाना गावांची, नाना श्रद्धांची माणसे आणून वसवली आहेत.

ती ओळ खरोखर त्या व्यक्तीची आहे की नाही, हे ग्रंथ उघडून तपासता येते. तपासले तर पुष्कळदा नसते, हेही आता बहुतेकांना माहीत आहे. मला त्याच्या आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. पाहणारा माणूस ती ओळ कशाच्या आधारावर मानतो? त्याने ग्रंथ वाचलेला नसतो, सांगणारा त्याच्या ओळखीचा नसतो, किंबहुना सांगणारा कोणी असतो हेच त्याच्या मनात येत नाही. तरी तो हात जोडतो आणि पुढे दहा जणांना पाठवतो. याला भोळेपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. माझे म्हणणे असे की पडद्यावरच्या टायटलला एक अधिकार आपोआप चिकटतो. तो त्याने कमावलेला नसतो. मांडणीतून कर्ता पुसला गेल्यामुळे तो मिळालेला असतो. आणि म्हणून धार्मिक मजकुराचे टायटल ज्याच्या पदरी येते त्याने आपले नाव त्यात कुठेतरी ठेवणे हा अहंकार नसून कर्तव्य आहे.

आपल्याकडच्या तत्त्वचिंतकांनी या प्रश्नाचा कीस काढून ठेवला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्दावर विसंबायचे ते आप्ताच्या, म्हणजे विश्वसनीय माणसाच्या शब्दावर. ज्याला गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जी जशी ठाऊक आहे तशी दुसऱ्याला सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन तर म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखेच लागू पडते. कुळ, वेष, भाषा यांवर काही अवलंबून नाही. माणूस जाणता आहे का आणि प्रांजळ आहे का, एवढेच पाहायचे. म्हणजे नैयायिकांच्या हिशेबी शब्दाची किंमत वक्त्यावर ठरते आणि वक्ता दिसेनासा झाला की किंमत ठरवण्याचे साधनच हातातून जाते. मीमांसकांनी नेमके उलटे टोक धरले. शब्दात दोष येतो तो वक्त्याच्या दोषामुळे, असे कुमारिल भट्टांचे प्रतिपादन आहे. वक्त्याला भ्रम होतो, त्याला लोभ असतो, तो फसवतो. वेदाला वक्ताच नाही, तो अपौरुषेय आहे. तेव्हा दोष शिरायला दारच नाही. ही मांडणी पटो न पटो, तिच्यात अप्रामाणिकपणा नाही. ज्या ग्रंथाला खरोखरच कर्ता नाही असे ते मानत होते, त्याच्याबद्दलच ते बोलत होते. कालच्या दुपारी टाइप केलेल्या ओळीसाठी त्यांनी ही सवलत ठेवली नव्हती.

टायटल मात्र ती सवलत परस्पर घेते. वाणीच्या मागे माणूस असतो आणि हस्ताक्षराच्या मागेही माणूस दिसतो. कीर्तनकार बुक्का लावून समोर उभा असतो. त्याची चूक झाली तर मागे उभा असलेला टाळकरी त्याच्याकडे पाहतो. भिंतीवर सुविचार रंगवणारा पेंटर कोपऱ्यात आपले नाव टाकतो. छापील हस्तपत्रकाच्या तळाशी मुद्रकाचे नाव असते, आणि ते सौजन्य म्हणून नव्हे: १८६७ सालच्या कायद्याने भारतात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे बंधनकारक केले होते. इंग्रजांचा हेतू पाळत ठेवण्याचा होता यात शंका नाही, तरी परिणाम असा झाला की छापील शब्दाला विचारणा करायला एक पत्ता मिळाला. ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ असे ज्याला आपण म्हणतो, त्याची निदान जीभ तरी त्याची स्वतःची असते. पडद्यावरच्या अक्षराला यातले काहीच नाही. शंभर ठिकाणी तेच टेम्प्लेट, तोच फाँट, तीच तिरीप. अक्षर इतके सारखे आणि इतके गुळगुळीत की मागे माणूस आहे हे आठवायला एक खाचसुद्धा उरत नाही. गंमत म्हणजे काही वर्षांपूर्वीपर्यंत ती खाच होती. परदेशी सॉफ्टवेअरला देवनागरी नीट जुळवता येत नसे. ‘विठ्ठल’ लिहिले की पहिली वेलांटी व सोडून भलतीकडे जाऊन बसे आणि ठ्ठ फुटून मध्ये हलन्ताचा पाय लोंबकळे. ‘प्रीमियर’ या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ केले नाही तर तो पाय हटत नसे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला तर देवाच्या नावाच्या जागी रोमन अक्षरांची रांगोळी दिसे. त्या मोडक्या अक्षराला हसणाऱ्यालाही कळत होते की हे कुणीतरी बसून केले आहे आणि चुकले आहे. आता फाँट सुधारले, जोडाक्षरे जुळली, चूक दिसेनाशी झाली. तिच्याबरोबर चूक करू शकणारा माणूसही दिसेनासा झाला.

प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिसची तक्रार आहे की लिहिलेल्या शब्दाला काही विचारले तर तो गप्प राहतो आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहतो. त्याने पुस्तकावर केलेली ही तक्रार पुस्तकाला थोडी अन्यायकारक आहे, कारण पुस्तकाला निदान मुखपृष्ठ असते. पंधरा सेकंदांच्या व्हिडिओला ती तंतोतंत लागू पडते.

मराठी संतांना हा प्रश्न पडला होता आणि त्यांनी त्याचे उत्तर आपल्या रचनेच्या बांधणीतच घालून ठेवले. ते उत्तर म्हणजे नाममुद्रा. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी आपले नाव घालतो, ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘म्हणे चोखा’. जी माणसे आयुष्यभर ‘मी’पणा गळून पडावा म्हणून झुरली, त्यांनी हजारो रचनांत आपले नाव न विसरता घातले, हे वरवर पाहता विसंगत आहे. पण नाव दोन कारणांनी घालतात. एक श्रेयासाठी, दुसरे जबाबदारीसाठी. दस्तावर साक्षीदाराची सही असते ती त्याच्या गौरवासाठी नसते. उद्या काही वाद निघाला तर कोणाला बोलवायचे, हे त्या सहीने ठरते. संतांची मुद्रा या दुसऱ्या जातीची आहे. ‘हे मी म्हणतो आहे, वेद म्हणत नाही’ असे ती सांगते. चोखोबांच्या बाबतीत तर ती याहून धाडसाची आहे, कारण ज्याच्या शब्दाला मंदिराच्या पायरीवरही जागा नव्हती त्याने ओळीच्या आत आपले नाव लिहून ठेवले.

विदर्भाला याची आणखी जवळची गोष्ट ठाऊक आहे. यावलीचा माणिक बंडोजी इंगळे हा मुलगा तुकोबांचे अभंग गात असे आणि ओघाने शेवटी ‘तुका म्हणे’ म्हणत असे. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला टोकले, तुकोबांचे नाव काय सांगतोस, ‘तुकड्या म्हणे’ असे म्हण, अशी कथा सांगतात. तोच पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज झाला. कथेचा तपशील परंपरेचा आहे, पण तिच्यात गुरूने दिलेली शिकवण लखलखीत आहे. दुसऱ्याच्या मुद्रेच्या आडोशाला राहू नकोस. भिकेच्या तुकड्यावर जगणारा म्हणून का होईना, स्वतःच्या नावाने बोल. नम्रता आणि नाव यांचे वैर नाही, हे याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

मुद्रेची चोरी कशी होते तेही आपल्या परंपरेला माहीत आहे. देहूचा सालोमालो तुकोबांचे अभंग घेऊन त्यांत आपले नाव घुसवत असे, ही कथा महिपतींनी सांगितली आणि प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाने घरोघर पोचवली. दामले-फत्तेलाल यांच्या त्या चित्रपटात सालोमालो हा खलनायकच आहे. पण त्याच चित्रपटात आणखी एक गोष्ट आहे, जी आजच्या आपल्या प्रश्नाला जास्त भिडते. त्यातले ‘आधी बीज एकले’ हे गीत शांताराम आठवल्यांनी लिहिले. ते तुकोबांच्या तोंडी इतके चपखल बसले की पुढे कित्येकांनी ते तुकोबांचेच मानले. आठवल्यांनी शेवटी ‘तुका म्हणे’ घातले नाही आणि गीतकार म्हणून त्यांचे नाव चित्रपटाशी जोडलेले राहिले. म्हणून आज कुणाचा गैरसमज झाला तर तो दूर करता येतो. व्हिडिओवर फिरणाऱ्या ओळीचा आठवले कोण, हे शोधायला गेले तर काहीच हाती लागत नाही. सालोमालोने दुसऱ्याच्या शब्दावर आपले नाव घातले. आजचे टायटल आपल्या शब्दावर दुसऱ्याचे नाव घालते. पहिल्याला आपण चोर म्हणतो. दुसऱ्याला भक्त म्हणतो, कारण त्याने वरवर काही घेतलेले दिसत नाही, उलट दिलेलेच दिसते. पण जो मेल्यावर उत्तर देऊ शकत नाही त्याच्या तोंडी शब्द घालणे हे त्याच्याकडून मोठेच काही घेणे आहे: त्याने काय म्हटले होते ते ठरवण्याचा त्याचा हक्क. एकनाथांना हे पक्के कळले होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावले की यात कुणी स्वतःची ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखी होईल. नाथ स्वतः थोर कवी होते. त्यांची ओवी नरोटी ठरली नसती. तरी त्यांनी हात आवरला. ओवी चांगली की वाईट हा मुद्दाच नव्हता.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो, आणि तो दुबळा नाही. विचार चांगला असेल तर कुणी म्हटला याने काय बिघडते? आईवडिलांची सेवा करा, व्यसन सोडा, जात पाहू नका, हे तुकोबांनी म्हटले नसेल. पण म्हटले असते की. बौद्ध परंपरेतून या आक्षेपाला भक्कम आधारही मिळतो. डॉ. आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्धवचन कसे ओळखावे याची चर्चा आहे. बुद्धाचे उपदेश लेखी नव्हते, भाणकांनी ते पाठांतराने जपले, आणि बुद्धाच्या हयातीतही त्यांचा विपर्यास झाल्याची उदाहरणे सुत्तांतच आहेत, हे बाबासाहेब दाखवून देतात. मग कसोटी कोणती? बुद्ध बुद्धिवादी होता, तेव्हा इतर गोष्टी समान असतील तर जे बुद्धीला आणि तर्काला धरून आहे ते त्याचे मानता येईल. याचा अर्थ असा काढता येईल का, की जे जे तर्काला धरून आहे ते ते बुद्धाच्या नावावर घालायला मोकळीक आहे? मला तसे वाटत नाही. बाबासाहेबांची कसोटी चाळणीची आहे. परंपरेने बुद्धाचे म्हणून जे आधीच समोर आणून ठेवले आहे, त्यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे ते ती सांगते. नवे धान्य आणून चाळणीत ओतायचा परवाना ती देत नाही. ‘इतर गोष्टी समान असतील तर’ या शर्तीत तेच अभिप्रेत आहे. शिवाय हे सगळे ज्या पुस्तकात लिहिले आहे त्याच्यावर बी. आर. आंबेडकर हे नाव आहे. निवड माझी, मांडणी माझी, असे म्हणून ते पुढे आले. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा त्यात मूळ सुत्तांचे संदर्भ दिलेले नव्हते आणि त्यावरून टीका झाली. ती करता आली, कारण टीका कुणावर करायची हे ठाऊक होते. पुढे भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना त्रिपिटकातले संदर्भ शोधून जोडले. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली, त्याच नागपुरात कौसल्यायन यांनी अखेरची वर्षे काढली. जिल्ह्यातल्या स्टुडिओला यासाठी लांब कुठे आदर्श शोधायला जायला नको.

आणि आक्षेपाच्या मुळाशी एक गफलत आहे. विचार चांगला असल्याने नावाने काही फरक पडत नसेल, तर नाव घालायचेच कशाला? ओळ निनावी सोडा. तसे कुणी करत नाही, कारण नाव काहीतरी काम करत असते हे टायटल करणाऱ्याला पक्के माहीत असते. ‘व्यसन सोडा’ या ओळीखाली काहीच नसेल तर बोट सरकवून माणूस पुढे जातो. खाली संताचे नाव असेल तर थांबतो. म्हणजे विचाराच्या बळावर जे साधत नाही ते नावाच्या बळावर साधायचे, आणि विचारले तर म्हणायचे की नावाला महत्त्व नाही. असा वाद स्वतःलाच खोडून काढतो.

दुसरा आक्षेप निमित्तमात्र असण्याचा. गीतेने अर्जुनाला निमित्त हो म्हणून सांगितले. टायटल करणारा पोरगा हे साधन आहे. देवाच्या कामात त्याने आपले नाव कशाला मिरवावे? हा आक्षेप ऐकायला गोड आहे, पण धंद्यातला व्यवहार त्याला दुजोरा देत नाही. लग्नाच्या व्हिडिओवर पहिल्या फ्रेमपासून स्टुडिओचा लोगो असतो, खाली मोबाइल नंबर असतो, ड्रोनवाल्याचेही नाव असते. तिथे निमित्तमात्र कुणी होत नाही. निमित्तमात्र व्हायची आठवण येते ती नेमकी जिथे नावामुळे गिऱ्हाईक मिळत नाही आणि जाब मात्र विचारला जाऊ शकतो तिथे. गीतेचे म्हणाल तर अर्जुन निमित्त झाला, पण बाण कुणाचा होता हे कुरुक्षेत्रावर कुणापासून लपले नाही. फळाची आसक्ती सोडणे वेगळे आणि कर्माची ओळख पुसणे वेगळे. पहिल्याला निष्काम कर्म म्हणतात. दुसऱ्याला हात झटकणे म्हणतात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत अवघड वाटतो. नामदेवांच्या गाथेत एकच नामदेव नाहीत, हे अभ्यासकांनी केव्हाच दाखवले आहे. विष्णुदास नामा आहे, आणखीही नामे आहेत. शतकानुशतके भक्तांनी ‘नामा म्हणे’ म्हणत रचना केल्या आणि वारकऱ्यांनी त्या प्रेमाने गायल्या. कुणी त्यांना खोटारडे म्हटले नाही. मग आज एखाद्या पोराने तुकोबांच्या भावात बुडून ओळ लिहिली आणि खाली तुकोबांचे नाव दिले, तर तो याच परंपरेत का बसत नाही? यातला अर्धा भाग मान्य केलाच पाहिजे. मुद्रा ही नेहमी आधुनिक अर्थाची सही नव्हती. कधीकधी ती आपण कोणत्या घराण्यात बोलतो आहोत हे सांगण्याची रीत होती. पण ती रीत चालली कुठे? कीर्तनात, फडावर, दिंडीत. नामा म्हणून गाणारा माणूस समोर उभा होता. गावाला त्याचे आडनाव ठाऊक होते, त्याची चालचलणूक ठाऊक होती. मुद्रा नाम्याची आणि देह त्याचा, अशी दोन्ही नावे श्रोत्याला एकाच वेळी दिसत होती. पडद्याने देह काढून घेतला आणि मुद्रा तेवढी ठेवली. रीत तीच राहिली, पण जिच्यामुळे ती प्रामाणिक होती ती अर्धी बाजू गेली.

हा प्रश्न लेखनात सोडवता येतो, याचा पुरावाही नामदेवांच्याच वाटेवर आहे. ज्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची पदे आहेत, त्या ग्रंथात नंतरचे गुरूही आपल्या रचनांत ‘नानक’ हीच मुद्रा घालतात. श्रद्धा अशी की ज्योत एकच आहे. तरी १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी मूळ ग्रंथ सिद्ध केला तेव्हा रचनांच्या मथळ्यांत ‘महला’ हा शब्द आणि आकडा घातला गेला: महला १ म्हणजे नानकदेव, महला ३ अमरदास, महला ५ स्वतः अर्जनदेव. आत मुद्रा एक, वर मथळ्यात खरा वक्ता. एकत्वाला धक्का न लावता साक्ष नोंदवली गेली. आणि हे काम मथळ्याने केले, म्हणजे आज ज्याला आपण टायटल म्हणतो त्यानेच. महानुभावांनी याच्याही तीनशे वर्षे आधी रिद्धपुरात असाच काटेकोरपणा दाखवला होता. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून. मूळ पोथी धामधुमीत गेली आणि लीळा आठवणीवरून पुन्हा मांडाव्या लागल्या, तेव्हा पाठ एक राहिला नाही. पंथाने ते पाठभेद झाकले नाहीत, ज्यांच्या स्मरणातून ते आले त्यांच्या नावानिशी पोथ्यांतून सांभाळले. नागपूरच्या वि. भि. कोलते यांना सातशे वर्षांनी ‘लीळाचरित्र’ संपादित करता आले ते या सवयीमुळे. अनुयायांच्या लेखी चक्रधर हे साक्षात परमेश्वर. त्यांच्या वचनाला सुद्धा कुणाकडून ऐकले हे लिहून ठेवणाऱ्यांची भक्ती कमी होती असे कोण म्हणेल? बौद्ध सुत्तांची सुरुवातही ऐकणाऱ्याने आपण असे ऐकले आहे हे सांगूनच होते. बुद्ध बोलण्याआधी श्रोता हजर होतो.

एवढे सगळे पंधरा सेकंदांत कुठे बसवायचे, असे एडिटिंगच्या टेबलावरचा माणूस विचारील. बसते. तुकोबांच्या गाथेतला अभंग असेल तर क्रमांक लिहायला चार आकडी जागा लागते. सरकारी गाथेत सारे मिळून साडेचार हजारांवर थोडे अभंग आहेत, त्याहून मोठा आकडा लिहायची वेळच येणार नाही. ग्रंथ माहीत नसेल तर ‘असे सांगतात’ हे दोन शब्द पुरतात, आणि ते बारीक अक्षरात असले तरी चालतात. ओळ स्वतःची असेल तर संताचे नाव काढून आपले घालायचे किंवा काहीच घालायचे नाही. टेम्प्लेटमध्ये नावाची जागा रिकामी दिसते म्हणून ती भरलीच पाहिजे असे नाही. ती चौकट टेम्प्लेट करणाऱ्याने ठेवली आहे, तुकोबांनी नव्हे.

खरी अडचण निराळी आहे आणि ती पैशाची आहे. टायटल करणारा मजूर असतो. मजकूर मंडळाचा, पक्षाच्या कार्यकर्त्याचा, वर्गणी देणाऱ्या शेठचा असतो. रात्री अकराला फोन येतो, सकाळी आरतीच्या आधी व्हिडिओ हवा असतो. ही ओळ तुकोबांची नाही असे सांगितले तर पुढच्या वर्षीचे काम समोरच्या स्टुडिओला जाते. त्या पोरावर सगळी नैतिकता लादून मोकळे होणे मला पटत नाही. आप्त असण्याच्या दोन अटींपैकी गोष्ट ठाऊक असण्याची अट त्याच्याकडून पुरी होणारच नाही, कारण मजकूर त्याचा नाहीच. पण दुसरी अट, जे जसे ठाऊक आहे तसे सांगण्याची, ती त्याच्या हातात आहे. त्याला एवढे नक्की ठाऊक असते की हा मजकूर अमक्याने पाठवला. तेवढेच त्याने लिहावे. हस्तपत्रकाच्या काळात पत्रक काढणारा आणि मुद्रक अशी दोन नावे तळाशी येत आणि मते कुणाची व छपाई कुणाची हे वाचणाऱ्याला वेगवेगळे कळे. तशीच दोन नावे शेवटच्या तीन सेकंदांत, पांढऱ्या साध्या अक्षरांत, तिरीप न फिरवता घालता येतात: मजकूर अमुक मंडळ, मांडणी तमुक स्टुडिओ, खापरखेडा. मंडळाला आपले नाव आलेले आवडतेच, त्यामुळे नकार येण्याचा संभव कमी. एखाद्या मंडळाने मात्र संताच्या ओळीखाली आपले नाव नको म्हटले, तर ते का नको, हे त्या पोराने एकदा विचारून पाहावे.